पेटीवरचा देश

कराडच्या आमच्या दुकानाच्या माळ्यावर दोन रिकाम्या लाकडी पेट्या होत्या. एकीवर ‘मेड इन ऑस्ट्रिया’ असा ठसा, दुसरीवर ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’. पणजोबांच्या काळात मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून त्यांतून बांगड्या नि मणी यायचे. आजोबा सांगायचे, ऑस्ट्रियाचा माल लढाईत बंद पडला, मग हा दुसऱ्या देशाचा सुरू झाला, पण ऑस्ट्रियाची सर त्याला कधी आली नाही. हे त्यांनी जन्मभर सांगितलं. दोन्ही पेट्या बहुधा एकाच गावातून निघाल्या होत्या, हे मला पस्तिशी उलटल्यावर समजलं. तोवर आजोबा गेले होते.

ते गाव म्हणजे याब्लोनेत्स. झेक प्रजासत्ताकाच्या उत्तरेला, यिझेरा डोंगरांत. जर्मन नाव गाब्लोन्त्स. १९१८ पर्यंत ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, मग चेकोस्लोव्हाकियात, १९३८ साली जर्मनीत गेलं, १९४५ साली पुन्हा चेकोस्लोव्हाकियात आलं आणि १९९३ पासून झेक प्रजासत्ताकात आहे. गाव जागचं हललं नाही. माणसं हलवली गेली, आणि त्यांतली पुष्कळशी मी आज राहते त्या म्युनिकपासून तासाभराच्या अंतरावर येऊन स्थिरावली.

या उन्हाळ्यात आत्या माझ्याकडे तीन महिने राहायला आली. वय एकोणसत्तर, चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेली आणि तेवढीच वर्षं गिऱ्हाइकांच्या हातांत बांगड्या भरलेली. आयफेल टॉवर बघायचा का, विचारलं तर म्हणाली, “टीव्हीवर रोज दिसतो की. त्या पेट्या आल्या ते गाव दाखव.”

मंगळवार: काउफबॉयरन

म्युनिकहून रेल्वेने काउफबॉयरन. जुनं गाव तटबंदीचं, चित्रासारखं आहे, पण आम्ही तिथे थांबलोच नाही. बस धरून गावाबाहेरच्या नॉयगाब्लोन्त्सला गेलो. नॉयगाब्लोन्त्स म्हणजे नवं गाब्लोन्त्स.

बसमधून उतरल्या उतरल्या आत्याने चारी बाजूंना पाहिलं. “ही पुनर्वसनाची वस्ती गं. घरं बघ, सगळी एका वयाची.”

कोयनेच्या पाण्यात गेलेली गावं आणि त्यांची वर वसवलेली ‘नवीन’ नावं बघत वाढलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. नॉयगाब्लोन्त्सची जागा म्हणजे युद्धकाळातला दारूगोळ्याचा कारखाना. विमानांतून दिसू नये म्हणून जंगलात दडवलेला आणि युद्ध संपल्यावर सुरुंग लावून पाडलेला. १९४६ साली एरिख हुश्का नावाच्या इंजिनिअरच्या पुढाकाराने गाब्लोन्त्सची माणसं या ढिगाऱ्यावर येऊन बसली. नॉयगाब्लोन्त्स हे नाव अधिकृतपणे मिळालं ते १९५२ साली. झाडीत अजून काँक्रीटचे तुकडे दिसतात, त्यांच्यावर शेवाळ चढलंय.

त्यांना यावं का लागलं, ते थोडक्यात सांगते. याब्लोनेत्स आणि आसपासच्या डोंगरातली बहुतेक वस्ती जर्मन बोलणारी. १९३८ च्या म्युनिक करारात ब्रिटन आणि फ्रान्स यांनी हा सगळा सरहद्दीचा पट्टा हिटलरला देऊन टाकला. तिथल्या कित्येकांनी तेव्हा फुलं उधळली होती, हेही लिहायला हवं. सात वर्षांनी पारडं फिरलं. चेकोस्लोव्हाकिया परत उभा राहिला आणि राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्या हुकमांनी जर्मनांची मालमत्ता जप्त झाली. दंडावर पांढरी पट्टी बांधून, तीस ते पन्नास किलोचं बोचकं घेऊन माणसं गाड्यांत भरली गेली. सगळ्या देशातून मिळून सुमारे तीस लाख.

इथल्या यिझेरा डोंगरांच्या संग्रहालयात एक आजोबा स्वयंसेवक म्हणून बसतात. मी जर्मनमध्ये विचारत होते आणि आत्याला मराठीत सांगत होते. ते सहा वर्षांचे असताना इथे आले. त्यांच्या आईने गादीच्या कापसात मणी दाबायचे दोन लोखंडी साचे शिवून आणले होते.

आत्याने मध्येच विचारलं, “भांडी नाही आणली?”

आजोबा हसले. म्हणाले, “भांडी कुठेही मिळतात. साचा कुठे मिळतो?”

पण काच कुठे होती सुरुवातीला? भट्टीही नव्हती. मग अमेरिकन सैनिकांनी टाकून दिलेल्या खाण्याच्या डब्यांच्या पत्र्यातून ब्रोच कापायचे, वाकवायचे, रंगवायचे. दागिना म्हणून ते विकले गेले. पुढे काचेच्या कांड्या आल्या, दाबयंत्रं आली, आणि एका जंगलात खोट्या दागिन्यांचं आख्खं गाव उभं राहिलं. घराघरांत ‘पाउरिश’ नावाची जुनी डोंगरी बोली राहिली. ती आता म्हाताऱ्यांच्याच तोंडी आहे.

चौकात ऱ्यूडिगर नावाच्या योद्ध्याचा मोठा पुतळा कारंज्यावर उभा आहे. फ्रान्झ मेट्झनर या शिल्पकाराचा. हा पूर्वी जुन्या गाब्लोन्त्समध्ये होता, नंतर इथे आणला. म्हणजे माणसांच्या मागोमाग पुतळ्यानेही देश सोडला. उद्या-परवा तिकडे गेल्यावर त्याची मूळ जागा बघू, असं मी आत्याला म्हटलं.

संध्याकाळी स्टेशनवर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दुकानात बांगडी फुटली तर तू काय म्हणायचीस लहानपणी?”

“फुटली.”

“आणि मी काय म्हणायचे?”

“वाढली म्हण, असं ओरडायचीस.”

“हं,” असं म्हणून तिने पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

बुधवार: दिवसभर गाडीत

म्युनिक-प्राग रेल्वे, सहा तासांच्या आसपास. सरहद्द कधी ओलांडली ते कळलंच नाही. एका बाजूची माणसं दुसऱ्या बाजूला टाकण्यासाठी एवढा उपद्व्याप झाला त्या रेषेवर आता तिकीट तपासणाराही बदलल्याचं जाणवत नाही. प्रागच्या चेर्नी मोस्त स्थानकावरून याब्लोनेत्सची बस. आमची पहिली बस चुकली, कारण आत्याला ‘स्वच्छतागृह’ आणि मला सुटे नाणे, दोन्ही एकाच वेळी हवे होते.

याब्लोनेत्सला पोचलो तेव्हा पाऊस. जेवणात शाकाहारी म्हणून तळलेलं चीज मिळालं आणि नंतर फळ भरलेले उकडलेले गोळे. आत्या म्हणाली, मोदक चुकलाय, पण वाईट नाही.

गुरुवार: याब्लोनेत्स

सकाळी ऊन पडलं आणि गाव दिसलं. एका टेकडीवरून दुसरीवर चढत जाणारं, लोकसंख्या पंचेचाळीस हजारांच्या घरात. नाव सफरचंदाच्या झाडावरून पडलेलं. पण याला गाव म्हणावं की शहर, असा प्रश्न पडतो, कारण एवढ्याशा जागेत घरं मात्र बँकांसारखी आहेत. ही घरं म्हणजे निर्यातदारांच्या पेढ्या. काच ओतली डोंगरातल्या भट्टीवर, मणी दाबले झोपडीत, ओवले कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. ते सगळं पाठीवरून इथे यायचं आणि इथून जग.

आम्ही गेलो ते काच आणि दागिन्यांचं संग्रहालय अशाच एका निर्यात पेढीत आहे. इमारत १९०४ ची, झिमर आणि श्मिट यांची. शेजारी २०२० साली पैलू पाडलेल्या खड्यासारखी दिसणारी नवी इमारत जोडली आहे. मला ती आवडली. आत्याचं मत, “शोकेस बाहेर कशाला बांधायचं?”

आत गेल्यावर मात्र माझी वाटाड्याची भूमिका संपली. नमुन्यांचे पुठ्ठे आहेत: एकेका पुठ्ठ्यावर शेकडो मणी किंवा बटणं शिवलेली, प्रत्येकाखाली क्रमांक. आपल्या दुकानात गिऱ्हाईक ‘तसलं दाखवा’ म्हणतं, तसंच मोंबासाचा किंवा मुंबईचा व्यापारी पत्रातून क्रमांक पाठवायचा. मग एका कपाटासमोर आत्या थबकली. काचेच्या बांगड्या. निळ्या, अंबरी, पैलूदार, सोन्याच्या पाण्याने वेल काढलेल्या.

तिने काचेला कपाळ टेकवलं. “ही दोन-चार. ती मागची दोन-सहा. आणि ही बघ, दोन-दोन, लहान मुलीची.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बांगडीचं माप इंचात, पण इंचाचे सोळा आणे. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन. आत्या हे माप डोळ्यांनी घेते, हाताकडे बघूनसुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या झेक बाईंना मी हे सांगितलं तर त्या आत्याच्या डोळ्यांकडे बघायला लागल्या.

आणि खालच्या पाटीवर, झेक वाक्याच्या मध्ये, शब्द होता ‘बँगल’. आपली बांगडी किंवा हिंदीतली बँगडी इंग्रजांनी उचलली, इंग्रजांकडून ती या डोंगरात आली आणि इथल्या धंद्याच्या बोलीत मालाचं नाव होऊन बसली. ज्या कारागिराने आयुष्यात एकही साडी पाहिली नसेल तो संध्याकाळी घरी जाऊन सांगत असेल, आज एवढ्या बांगड्या केल्या.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला हिंदुस्थान हे या गावाचं फार मोठं गिऱ्हाईक होतं. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? वंगभंगानंतर स्वदेशीची लाट. अंताजी दामोदर काळे घरोघर फिरून एकेक पैसा गोळा करत होते, लोकमान्य टिळक त्यांच्या पाठीशी होते, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला. तळेगावचा कारखाना आम्हाला शाळेत देशभक्तीच्या धड्यात भेटला. तो कुणाच्या विरुद्ध होता, हे धड्यात नव्हतं. मँचेस्टरचं कापड तेवढं लक्षात राहतं. बांगडी मात्र मँचेस्टरची नव्हती, इथली होती.

पण हे गाव स्वदेशीने हरवलं नाही. १९१४ ने हरवलं. महायुद्ध पेटलं, ऑस्ट्रिया-हंगेरी ब्रिटिश साम्राज्याचा शत्रू झाला आणि हिंदुस्थानचा दरवाजा एका दिवसात बंद. रिकाम्या झालेल्या जागेत जपानी माल शिरला, फिरोजाबादच्या भट्ट्यांना हात-पाय पसरायला वाव मिळाला, आणि आमच्या कराडच्या शेजारी ओगले बंधूंची काच तापायला लागली. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांच्या घरात होता त्यांना वेगळं सांगायला नको. युद्ध संपल्यावर हे गाव पुन्हा बाजारात आलं ते नव्या देशाचं लेबल लावून. म्हणजे आमची दुसरी पेटी. आजोबांना माल उतरल्यासारखा वाटला तो खरंच उतरला होता, की पहिल्या पेटीची गोडी लहानपणाची होती, देव जाणे.

बाहेर आल्यावर गावभर पायी हिंडलो. नगरपालिकेची १९३३ ची पांढरी, उंच मनोऱ्याची इमारत, आणि त्याच सुमाराचं येशूच्या पवित्र हृदयाचं चर्च. हे चर्च योझेफ झाशे या वास्तुकाराचं. जन्म याच गावचा, १८७१ चा, गावातल्या कितीतरी चांगल्या इमारती त्याच्या. १९४५ नंतर त्यालाही जावं लागलं. ज्या माणसाने गावाला चर्च बांधून दिलं त्याला गावाने पंचाहत्तरीच्या घरात असताना बोचकं बांधायला सांगितलं. १९५७ साली तो जर्मनीत वारला. परवा पाहिलेल्या नॉयगाब्लोन्त्समधल्या चर्चचं नावही पवित्र हृदयाचंच आहे.

१९४५ च्या आधी सात वर्षं आणखी एक देऊळ गेलं होतं. इथलं सिनेगॉग १८९२ चं, व्हिएन्नाच्या विल्हेल्म श्टियासनीने बांधलेलं. निर्यातदारांत ज्यू बरेच होते, जगभरचे पत्ते त्यांच्या वह्यांत होते. १९३८ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य आलं आणि नोव्हेंबरात सिनेगॉग जाळलं गेलं. त्या रात्रीला जर्मनीत ‘क्रिस्टलची रात्र’ म्हणतात, फुटलेल्या काचांवरून. काचेवर जगणाऱ्या गावात हे नाव कसं ऐकू येत असेल? ज्यांना निसटता आलं ते निसटले. मग युद्ध, आणि युद्धात बांगडी कुणाला हवी? कारखाने शस्त्रास्त्रांचे सुटे भाग करायला लागले. गावाने आधी आपले व्यापारी घालवले आणि मग कारागीर. लागोपाठ, सात वर्षांत. आज इथे फिरताना जर्मनांच्या हकालपट्टीबद्दल बरंच ऐकू येतं. या पहिल्या घालवण्याबद्दल विचारावं लागतं.

ऱ्यूडिगरची मूळ जागा पाहिली. झाशेच्याच दुसऱ्या एका चर्चसमोर. आत्याने तिथे उभं राहून फोटो काढून घेतला, स्वतः पुतळ्यासारखी ताठ.

शुक्रवार: स्मर्झोव्का, देस्ना

याब्लोनेत्सहून तानवाल्डला जाणारी छोटी रेल्वे डोंगराच्या कडेकडेने चढते. मध्ये उतरून आम्ही एका दाबणाऱ्याच्या शेडवर गेलो. मणी दाबणारा तो दाबणारा, त्याची शेड म्हणजे घरामागची टिनाची खोली. ओळखीच्या ओळखीतून आधी कळवलं होतं. साठीचा माणूस, बनियनवर. फोनवरच्या भाषांतराने आम्ही बोललो, पण पुढचा अर्धा तास कुणी बोललंच नाही.

कंबरेएवढी एक भट्टी, गॅसवर. तीत हातभर लांब काचेच्या दोन-तीन कांड्यांची टोकं सरकवलेली. एकीचं टोक मधासारखं वाकलं की तो ती काढतो आणि यंत्राच्या जबड्यात धरतो. जबडा मिटतो, उघडतो. प्रत्येक मिटण्याला आतली सुई शिरून भोक पाडते आणि एक मणी बाजूला. कांडी गार होऊन कडक व्हायच्या आत चार-सहा मणी, मग ती परत भट्टीत आणि दुसरी हातात. मण्यांना कडेने पापुद्र्यासारखी फाजील काच राहते. ती नंतर पिंपात घोळवून झाडतात. बघायला गंमत वाटते, पण खोलीत पाचव्या मिनिटाला माझा घाम निथळत होता. त्याच्या उजव्या हाताच्या तीन बोटांवर केस नव्हते.

आत्या जवळ गेली आणि त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. नंतर मला म्हणाली, “बांगडी भरताना अंगठ्याच्या मुळाशी दाबावं लागतं ना, ते शिकवता येत नाही. याचंही तसंच आहे. कांडी कधी काढायची हे तो डोळ्याने ठरवत नाहीये, बघ. तो बघतच नाहीये.”

हा माणूस झेक. १९४५ साली रिकाम्या झालेल्या घरांत देशाच्या आतल्या भागातून माणसं आली, त्यांतले त्याचे आजोबा. त्यांना काच ठाऊक नव्हती. पण सगळेच जर्मन घालवले नव्हते. ज्यांच्यावाचून धंदा बसला असता अशा काहींना ‘तज्ज्ञ’ म्हणून ठेवून घेतलं होतं. शेजारचा असाच एक म्हातारा आजोबांना शिकवून गेला. म्हणजे हक्क काढून घेतलेला माणूस आपल्याच गावात नवख्यांची शिकवणी घेत होता. शिवाय दक्षिणेकडच्या झेक खेड्यांत ही कला पूर्वीपासून होतीच, म्हणून धागा तुटला नाही.

१९४८ च्या फेब्रुवारीत कम्युनिस्ट आले आणि उरलेसुरले छोटे मालकही गेले. शेकडो कारखान्यांची मिळून सरकारी कंपनी झाली, पैलूदार काचेची प्रेसिओसा त्याच साली. परदेशी विकायचं ते एकाच सरकारी निर्यात कंपनीमार्फत. मण्या-दागिन्यांसाठी ती होती याब्लोनेक्स, १९५२ पासून. कामगारांच्या राज्याला नटव्या दागिन्यांचं काय करायचं ते आधी समजेना. गावात ट्रकचा कारखाना आला, माणसं तिकडे वळवली गेली. पण डॉलर लागतात ते कुठल्याही राज्याला. मणी पुन्हा सुरू झाले.

“तेव्हा बरं होतं?” आत्याने विचारलं.

तो म्हणाला, “तेव्हा विकायची काळजी नव्हती. आता रंग मी ठरवतो आणि झोप लागत नाही.” १९८९ च्या नोव्हेंबरात सत्ता पडली, सरकारी निर्यातीची मक्तेदारी गेली, जो तो स्वतःचा निर्यातदार. दहा-पंधरा वर्षं बरी गेली. मग स्वस्त चिनी माल, मग जगभरची मंदी, आणि २००९ साली याब्लोनेक्सने बारीक मण्यांचं काम थांबवलं. ते प्रेसिओसाने उचललं.

मग त्याने खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढून आत्याच्या हातात दिली. स्वस्त मणी, वेडेवाकडे. “इंडिया,” तो म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, पण बघत होता तिच्याकडे.

आत्याने तळहातावर ओतून पाहिले. “पुर्दिलनगरचे,” ती म्हणाली. उत्तर प्रदेशातलं ते मण्यांचं गाव, आमच्याकडेही माल येतो तिथून. “सांग त्याला, भोक सरळ नाही, सुई तुटते. पण पोटासाठी करतात बिचारे. आणि सांग, तुझ्या पणजोबांनी याच्या गावचे मणी घेतले म्हणून आमचं दुकान चाललं, आणि टिळकांनी ते घेऊ नका म्हणून सांगितलं होतं तरी घेतले.” शेवटचं वाक्य मी भाषांतरात गाळलं.

तिला काळे मणी हवे होते. त्याने काळी कांडी दाखवली. इथे काळ्या काचेचा एक मोठा हंगाम येऊन गेला होता. १८६१ साली व्हिक्टोरिया राणीचा नवरा वारला, राणीने काळं घातलं ते कायमचं, आणि दुखवट्याच्या दागिन्यांची चालच पडली. हे मी आत्याला सांगितलं तशी ती चमकली. “म्हणजे हे तिकडे विधवेचे?” मग थोडा विचार करून, “आपल्याकडे मंगळसूत्रात. असू दे. द्यायला सांग बारा लडी.”

दुपारी देस्नाला. इथे रीडेल घराण्याच्या भट्ट्या होत्या. थोरल्या योझेफ रीडेलला यिझेराच्या डोंगरातला काचराजा म्हणत. आसपासच्या शेडना लागणाऱ्या कांड्या त्यांच्याकडून जात. युरेनियम घालून केलेल्या पिवळ्या-हिरव्या काचेला या घराण्यातल्या एकाने आपल्या मुलीचं, अॅनाचं, नाव दिलं. १९४५ साली सगळं जप्त झालं. वाल्टर रीडेलला रशियन घेऊन गेले, दहा वर्षं तो तिकडेच होता. सुटल्यावर तो आणि मुलगा क्लाउस यांनी १९५६ साली ऑस्ट्रियात कुफस्टाइनला नव्याने भट्टी लावली. आज वाइनच्या ग्लासांवर जे रीडेल नाव दिसतं ते हेच. मदतीला धावला होता स्वारोव्स्की. हेही मूळचे इथलेच. डॅनिएल स्वारोव्स्की इथून जवळच्याच खेड्यातला, त्याने खडे कापायचं यंत्र केलं आणि १८९५ साली, कुणी घालवण्याच्या पन्नास वर्षं आधी, स्वतःहून ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरात निघून गेला. त्याला नक्कलखोर शेजाऱ्यांची भीती होती. इतिहासात कधी कधी संशयी माणूसच सुखी राहतो.

शनिवार: झेलेझ्नी ब्रोद, प्राग

तानवाल्डहून छोट्या गाडीने झेलेझ्नी ब्रोद. हे झेक बोलणारं गाव. १९१८ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा काचेच्या नावाजलेल्या शाळा जर्मन भागात होत्या, म्हणून १९२० साली इथे झेक शाळा काढली. तळेगावच्या कारखान्यामागची ईर्षा आणि ही ईर्षा एकच, बारा वर्षांच्या अंतराने.

या शाळेची गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडली. कम्युनिस्ट राजवटीत चित्रकाराने आणि शिल्पकाराने काय करायचं याचे नियम होते. काच मात्र शोभेची वस्तू, निरुपद्रवी. तिच्यावर कोण लक्ष ठेवणार? १९५४ पासून स्तानिस्लाव लिबेन्स्की इथे मुख्याध्यापक होता. यारोस्लावा ब्रिख्तोवा इथल्याच शिक्षकाची मुलगी. दोघांनी मिळून साच्यात वितळवलेल्या काचेची एवढाली शिल्पं केली, पुढे लग्नही केलं. चित्रात जे केलं असतं तर नोकरी गेली असती ते काचेत करून ते १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात देशाचं नाव काढून आले.

मग १९६८, प्रागमध्ये रशियन रणगाडे. दोन वर्षांनी ओसाकाच्या प्रदर्शनासाठी दोघांनी ‘जीवनाची नदी’ नावाचं भलंमोठं काचशिल्प केलं. त्या पाण्यात खाली लष्करी बुटांचे ठसे होते. अधिकाऱ्यांच्या ते लक्षात आलं. ठसे घासून काढायला लावले.

गावच्या संग्रहालयात या दोघांची काही कामं आहेत. आत्या एका जाड, अंधाऱ्या निळ्या तुकड्यापाशी उभी राहिली. कडेला पातळ होत गेलेल्या जागी आतून उजेड येत होता. मी बुटांच्या ठशांचं सांगितलं. तिने विचारलं, “घासणारा कोण होता? त्यांचाच कुणी कारागीर असणार ना. त्याला काय वाटलं असेल?” मला उत्तर आलं नाही.

प्रागच्या स्थानकावर दोन तास होते. आत्याने बाकावर पिशवी उघडली, काळ्या मण्यांच्या बारा लडी कागदात नीट बांधल्या आणि पेन पुढे केलं. दुकानात प्रत्येक पुडीवर माल कुठला ते लिहायची पणजोबांपासूनची पद्धत.

“काय लिहू? झेक प्रजासत्ताक?”

“गाव लिही.”

मी देवनागरीत ‘याब्लोनेत्स’ लिहिलं. तिने चष्मा लावून वाचलं, जोडाक्षराला नाक मुरडलं, आणि खाली स्वतःच्या अक्षरात घातलं: काळे, ६ मि.मी., लडी १२. भोक सरळ.